येऊन राह्यली, जाऊन राह्यला

बुलढाण्याच्या बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा दिसायला लागल्या की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. काल एका बाईनं पोत्यावर शेंगांचा ढीग लावला होता. टपोऱ्या शेंगा, त्यांवर जांभळट रेघा, एखाद्या देठाला अजून चिकटून राहिलेलं पिवळं फूल. मी सवयीनं एक शेंग फोडली आणि दाणे तोंडात टाकले. "घ्या ना बाई, इचार काय करून राह्यल्या? सकाळीच तोडून आनल्या जानेफळावून," ती म्हणाली. जानेफळ म्हणजे आमचं गाव. ते नाव ऐकल्यावर मी काय घासाघीस करणार! पिशवी गच्च भरून घेतली.

घरी येऊन मोठं पातेलं काढलं, आमच्याकडं त्याला गंज म्हणतात. शेंगा धुतल्या, बुडतील इतकं पाणी घातलं, मूठभर मीठ टाकलं आणि वर झाकण. थोड्या वेळानं वास सुटला. त्या वासाला मी आजवर कवितेत पकडू शकले नाही. ओल्या गवताचा म्हणावा तर तसा नाही, भाजीचा म्हणावा तर तसाही नाही. तो वास आला की मला एकच हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी एका नाटकाची गाणी लिहिली आणि शेंगा खाऊन खाऊन माझी जीभ खारट झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, कोर्टातली टायपिस्ट बाई नाटकाची गाणी कशी काय लिहायला लागली? सांगते ना.

माझी उभी नोकरी बुलढाण्याच्या कोर्टात गेली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगायचा, "साहेब, मी वावरात जाऊन राह्यलो होतो, तं हा मले शिव्या देऊन राह्यला होता." साहेब मला सांगायचे, "लिहा. मी शेतात जात असताना आरोपी मला शिवीगाळ करीत होता." मी लिहायची. वावराचं शेत व्हायचं, मलेचं मला व्हायचं, आणि साक्षीदार खाली सही ठोकून मोकळा व्हायचा. दिवसभर मी माणसांची बोली धुऊन, वाळवून, इस्त्री करून कागदावर ठेवायची आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्यावर ओरडताना ती पुन्हा चुरगाळायची. आमचे हे शांतपणे ऐकायचे. "झालं? मंग आता चा मांड," म्हणायचे.

कविता या दोन भाषांच्या मधल्या फटीतून आली. गंमत म्हणून लिहायची, कचेरीतल्या बायकांना डबा खाताना वाचून दाखवायची. मग कोणीतरी गणपतीच्या मंडळात उभं केलं आणि तिथून जी सुटले ती सुटलेच. मेहकर, चिखली, हिवरा आश्रम, खाली घाटाखालची गावं. जिथं बोलावलं तिथं एसटीनं जायची. शाल आणि नारळ मिळायचा. आमच्या घरात त्या काळात रोज खोबऱ्याची चटणी असायची, आणि गावात माझ्या शालीवर न झोपलेलं तान्हं पोर नव्हतं.

माझी गाजलेली कविता रेल्वेची. आमच्या बुलढाणा शहरात रेल्वे नाही. कधी येणार असं विचारलं की आमच्याकडं एकच उत्तर असतं, आणि तेच मी कवितेत घातलं:

आजा म्हने, येऊन राह्यली, बाप म्हने, येऊन राह्यली,
माह्यं लगन होऊन गेलं, गाडी येऊन राह्यली!

लोक हसून हसून लोळायचे. म्हातारे डोळे पुसायचे आणि शेजाऱ्याला म्हणायचे, "खरं बोलून राह्यली वो माय!" आमच्या लोकांचं हे हसू मला आवडायचं. त्यात मीही असायची, तेही असायचे, आणि ती न आलेली गाडीही असायची.

पुण्यातलं हसू मात्र मला निराळं वाटलं. तिथं एका मोठ्या संमेलनात मला पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा मी इतकी घाबरले होते की घशाला कोरड पडली. माईकपुढं उभी राहिले आणि संयोजकांना म्हटलं, "मले थोडं पानी द्या." झालं! अख्खं सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मी पुन्हा म्हटलं, "अवो, खरंच द्या ना बापा, घसा सुकून राह्यला." आणखी टाळ्या. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ तर मांडीवर थापा मारत होता. पाणी काही कोणी आणलं नाही. मी तशीच कोरड्या घशानं कविता म्हटली, शाल घेतली आणि खाली उतरले.

बाहेर येऊन नळाचं पाणी प्यायले तेव्हा मला रडू आलं. राग कोणाचा नव्हता. ती माणसं काही दुष्ट नव्हती, मनापासून हसली होती. पण मी तहानलेली होते आणि त्यांना विनोद ऐकू आला होता. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: आपल्या या बोलीत एक तरी असं गाणं लिहायचं, जे ऐकून पुण्याचा माणूस हसणार नाही. तेवढं जमलं तर आपली सगळी कविता कामी आली, असं मी स्वतःलाच सांगून टाकलं.

पण ज्याला त्याला माझ्याकडून हसूच हवं होतं. अनिरुद्धलाही तेच हवं होतं. हा पुण्याचा तरुण दिग्दर्शक. रेल्वेची कविता ऐकून एक दिवस थेट बुलढाण्याला आला. "ताई, यावर संगीत नाटक करू. गावात रेल्वे नाही, पण गावकऱ्यांनी स्टेशन आधीच बांधून ठेवलंय. स्टेशनमास्तर आहे, हिरवा झेंडा आहे, वेटिंग रूम आहे. सगळी गाणी तुमची." असं म्हणून त्यानं हात जोडले. आमचे हे म्हणाले, "तिकीट काढाले रांगही लागते काय त्या स्टेशनात?" अनिरुद्धनं ते लगेच लिहून घेतलं. नाटकातला तो सर्वांत मोठा हशा आहे, आणि आमचे हे अजूनही त्याचं श्रेय मागतात.

त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला आमचा निखिल पुण्याला नोकरीला गेला. एकुलता एक पोरगा. रविवार होता, आम्ही गावीच होतो, म्हणून जानेफळच्या स्टँडवर आम्ही दोघं त्याला सोडायला गेलो. सकाळची थंडी, तोंडातून वाफा, टपरीवरचा रेडिओ. मी रात्रभर योजलेलं काहीबाही सांगत होते: स्वेटर, डबा, मोबाईल चार्जर. हे सारखे सदऱ्याचा खिसा चाचपत होते. एसटी आली, निखिल पाया पडला, तेव्हा यांनी त्या खिशातून उकडलेल्या शेंगा काढून त्याच्या खिशात कोंबल्या. "जाऊन राह्यला काय? बरं. जाय," एवढंच म्हणाले. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी हे तिकडंच पाहत राहिले. मी म्हटलं, "चला आता." तर म्हणाले, "थांब ना वो, तो जाऊन राह्यला ना अजून."

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी एका जबाबात 'जात होता' असं टाईप केलं आणि बोटं थांबली. आयुष्यभर मी त्या शब्दाचं हेच करत आले होते. पण 'जात होता' आणि 'जाऊन राह्यला होता' यांत केवढा फरक! आमच्याकडं माणूस नुसता जात नाही. तो जाऊन राह्यतो. जाण्यातसुद्धा राहणं आहे. आम्ही रोज बोलतो म्हणून आम्हाला ते कळत नाही, जसा स्वतःच्या घराचा वास येत नाही. त्या दुपारी गाणं आपोआप आलं. नाटकात स्टेशनमास्तरचा पोरगा, रेल्वेची वाट पाहून कंटाळून, शेवटी एसटीनंच शहरात निघतो. त्याची माय शेंगा सोलत बसलेली आहे. ती म्हणते:

जाऊन राह्यला तं जाय बापा, मी काऊन म्हनू थांब?
चार शेंगा खिशात ठेव, रस्ता आहे लांब.
चुलीवरचं पानी माह्यं उकयून राह्यलं राजा,
धूर गेला डोयामंधी, रडत नाही, जा जा.

'काऊन' म्हणजे का, कशासाठी. 'उकयून' म्हणजे उकळून, 'डोयामंधी' म्हणजे डोळ्यांमध्ये. एवढं सांगितलं की पुण्याच्या माणसाला सगळं समजेल, असं मला वाटलं होतं.

नाटकातली माय करणार होत्या मंगलताई. साठीच्या गायिका, नाट्यपदं गात आयुष्य गेलेलं. त्या बोली ऐकायला म्हणून मुद्दाम जानेफळला येऊन राहिल्या. आमच्या वावरात तुरीच्या ओळीत बसून शेंगा तोडायच्या आणि जो भेटेल त्याला विचारायच्या, "काऊन वो?" नुसतंच. पुढं काही नाही. बायका गोंधळायच्या, "काऊन म्हंजे काय काऊन?" आणि मग सगळ्याच हसत सुटायच्या. मंगलताईंच्या तोंडात 'राह्यला' मात्र बसत नव्हता. 'राहिला' यायचा, नाहीतर 'र्‍हायला'. आमचे हे बांधावर बसून दुरुस्ती करायचे. "बाई, जीभ आखडून नोका धरू. शेंगंतून दाना सुटते तसा सुटू द्या शब्द." उन्हं कलली की वावरातच तीन दगडांवर गंज चढायचा, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जायचा, आणि मंगलताई डोळे चोळत तीच ओळ गुणगुणायच्या. गाण्यातल्या धुराची चाल त्यांना तिथंच सापडली, असं त्या म्हणतात. मला त्या दिवसांत इतकं सुख झालं होतं की कोर्टातसुद्धा मी गुणगुणत टाईप करायची.

मग तालीम पाहायला पुण्याला गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. रंगमंचावर मंगलताई एकट्याच. पोराचा पत्ता नाही. त्या रिकाम्या दाराकडं पाहून गात होत्या.

"पोरगा कुठं आहे?" मी विचारलं.

"गेला ना," अनिरुद्ध म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय, जाऊन राह्यला. म्हणजे गेला आणि तिकडंच राहिला. आई त्याच्या आठवणीत गातेय."

मी खाली बसले. हसावं का रडावं कळेना. "अरे बापा, तो अजून गेलाच नाही! तो समोर उभा आहे, बुटाची लेस बांधून राह्यला आहे."

"म्हणजे जातोय?"

"हो."

"मग राह्यला कशाला? ताई, तो जातोय की राहतोय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

 मग अनिरुद्धनं पोराचं काम करणाऱ्या नटाला बोलावून दारात बसवलं आणि लेस बांधायला सांगितलं. गाणं संपेपर्यंत लेस बांधून संपायची नाही, असंही सांगितलं. पुन्हा गाणं झालं. त्यानंतर त्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, गाणं फार सुंदर आहे. पण खरं सांगू? लोक पहिल्या ओळीला हसणार. दीड तास त्यांना आपण याच शब्दावर हसवलंय. 'जातोस तर जा रे बाळा' केलं तर?" त्याचं चुकत नव्हतं. वाईट याचंच वाटलं. मी म्हटलं, "कोर्टात मी रोज तेच करते. इथं नको ना." त्यानं मान डोलावली, पण त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. माझीही नाही.

पहिला प्रयोग आला तोवर तुरी वाळून खळ्यात आल्या होत्या. मंगलताईंना सोलायला हिरव्या शेंगा हव्या होत्या. यांनी विहिरीकाठची उशिरा पेरलेली चार झाडं राखून ठेवली होती. त्यांच्या शेंगा पोत्यात बांधून हे पुण्याला घेऊन आले आणि थिएटरच्या दारात रखवालदाराला म्हणाले, "मी नाटकवाला आहो." निखिलही आला होता, कचेरीतल्या सगळ्या मित्रांना घेऊन. इन केलेला शर्ट, भुरभुरणारे केस. मला पाहून म्हणाला, "आई, कशी आहेस? मला वाटलं तू उशिरा येतेस." 'मले' नाही, 'मला'; 'येऊन राह्यली' नाही, 'येतेस'. तीन महिन्यांत पोराची भाषा इस्त्री होऊन आली होती.  आता माझी धाकधूक दुप्पट झाली. त्या ओळीला हशा पिकला तर तो माझ्या पोराच्या मित्रांसमोर पिकणार होता, आणि त्याच्या आईबापाच्या बोलीवर पिकणार होता.

नाटक रंगलं. रेल्वेच्या गाण्याला टाळ्या, तिकिटाच्या रांगेला हशा. मग दिवे मंदावले. दारात पोरगा लेस बांधतोय. मंगलताईंच्या पुढ्यात सुपात शेंगा. पेटीनं सूर दिला आणि त्यांनी उचललं: "जाऊन राह्यला तं जाय बापा…"

सभागृह हसलं.

मी डोळे मिटून घेतले. शेजारी आमचे हे इकडंतिकडं पाहत मोठ्यांदा म्हणाले, "काऊन हसून राह्यले हे?" त्यावर मागची रांग आणखी हसली.

मंगलताई थांबल्या. पुढची ओळ त्यांनी घेतलीच नाही. एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. पोराकडं पाहिलं. आणि तीच ओळ पुन्हा घेतली, खालच्या सुरात. जुन्या नाट्यगायकांची ती रीतच, एकच ओळ आळवत बसायचं. तबला बिचारा गोंधळून मागं मागं आला. या वेळी कुठंकुठं हसू फुटलं, पण धीर नसलेलं. त्यांनी आणखी एक शेंग सोलली. तिसऱ्यांदा तीच ओळ. 'जाऊन' वर जेमतेम टेकल्या, आणि 'राह्यला' वर अशा थांबून राहिल्या की तो पोरगा उठूच नये. कोणी हसलं नाही. चौथी शेंग फुटल्याचा आवाज मला बसल्या जागेवर ऐकू आला.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या आल्या नाहीत. बऱ्याच वेळानं आल्या. यांनी गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "एसी भल्लीच थंडगार ठेवली इथं, डोयातून पानी येऊन राह्यलं." मी त्यांचा हात धरला. इतक्या लोकांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. मला पाणी मिळालं होतं.

निखिलचे मित्र भेटायला आले, पाया पडले. एक मुलगी तर गळ्यातच पडली. निखिल मात्र बाजूला उभा होता. "छान झालं, आई," एवढंच म्हणाला आणि आम्हाला गाडीत बसवून दिलं. रुमालात उरलेल्या शेंगा होत्या, त्या यांनी त्याच्या खिशात घातल्या. त्याला काय वाटलं ते मला कळलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. पोरगा आहे, साक्षीदार थोडाच आहे.

त्याला बरीच वर्षं झाली. नाटकाचे पुष्कळ प्रयोग झाले, पुढं आणखी दोन नाटकांची गाणी लिहिली. बुलढाण्याला प्रयोग झाला तेव्हा त्या गाण्याला पाठीमागून एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे वो माय, येते तो," आणि मंगलताईंनी तिच्याकडं पाहून मान हलवली. मला अजूनही 'पोट धरून हसायला तयार व्हा' असंच म्हणून माईकपुढं आणतात. आणोत बापडे. मी हसवतेही. आता माझ्या पुढ्यात कोणीतरी न मागता तांब्या आणून ठेवतं. रेल्वे अजून येऊन राह्यली आहे. निखिलचं लग्न झालं, मुलगी झाली, पुण्यातच घर झालं. दर आठवड्याला फोन येतो. "कशी आहेस? बरं, ठेवतो." त्याची भाषा स्वच्छ आहे आणि त्याचा जीवही आमच्यावर आहे, मला तक्रार नाही. एवढंच, की फोन ठेवल्यावर मी मनातल्या मनात त्याचं वाक्य उलटं टाईप करून पाहते. मलाचं मले.

तर काल शेंगा शिजत आल्या होत्या आणि फोन वाजला. निखिल होता. मागं एसटीची घरघर, माणसांचा कालवा.

"आई," तो मोठ्यांदा म्हणाला, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आम्ही येऊन राह्यलो."

 तेवढ्यात त्याच्याजवळून नातीचा आवाज आला, "बाबा, येऊन राह्यलो म्हणजे? आपण येतोय की राहतोय?"

"दोन्ही," निखिल म्हणाला.

मी फोन धरून तशीच उभी राहिले. वाफेनं चष्मा भरून गेला होता.

"काय म्हनून राह्यला पोट्टा?" यांनी विचारलं.

"येऊन राह्यला," मी म्हटलं.

यांनी गंजाचं झाकण उचलून आत पाहिलं. "एवढ्याशा शेंगा कोनाले पुरतीन?" म्हणाले, पायात चपला सरकवल्या आणि पिशवी घेऊन बाजाराकडं निघाले.